जीपीएस नव्हतं, नकाशा कोरा होता, तरी ते परत आले: वाळवंटात गाडी चालवायला शिकवणारे राल्फ बॅग्नॉल्ड

मागच्या जानेवारीत आम्ही चौघं मित्र पुण्याहून गाडी घेऊन जैसलमेरला गेलो होतो. सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या सगळेच बघतात, आपण जरा आडबाजूला जाऊ, असं ठरलं. डांबरी रस्ता सोडला आणि एका चाकोरीला लागलो. अर्ध्या तासाने त्या चाकोरीच्या दोन झाल्या, मग चार झाल्या आणि मग एकही उरली नाही.

फोनचं नेटवर्क गेलं होतं. स्क्रीनवर निळा ठिपका दिसत होता, पण त्याच्याभोवती नुसती करडी चौकट. ऑफलाइन नकाशा डाउनलोड करायचा राहून गेला होता. होकायंत्राचं ॲप उघडलं, तर गाडी वळवली तरी त्यातली उत्तर दिशा काही हलेना. शेवटी टायर वाळूत बसले. मी ॲक्सिलरेटर दाबला, ते अजून बसले. अजून दाबला, तर गाडी पोटावर टेकली. चौघांत मिळून पाणी होतं दोन लिटर.

साडेतीन तासांनी एक पिकअपवाला काका आले. त्यांनी गाडीला दोर बांधला नाही, धक्काही दिला नाही. चारही चाकांजवळ बसून व्हॉल्व्ह दाबले आणि टायरमधली निम्मी हवा सोडून दिली. चाकांपुढची वाळू हाताने बाजूला केली आणि मला हळूच गाडी काढायला सांगितलं. गाडी निघाली! मला तर जादूच वाटली.

घरी आल्यावर ही युक्ती आली कुठून ते शोधायला बसलो आणि एका माणसापाशी येऊन थांबलो. त्यांचं नाव राल्फ बॅग्नॉल्ड. सॅटेलाइट, मोबाइल, फोर व्हील ड्राइव्ह यातलं काहीही हाताशी नसताना या माणसाने साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाचं वाळवंट पालथं घातलं आणि प्रत्येक वेळी परत आला. त्यांची गोष्ट आज सांगतो, कारण त्यात आपल्या फोनबद्दलही बरंच काही आहे.

इंजिनियरचा मुलगा

बॅग्नॉल्ड यांचा जन्म १८९६ मध्ये इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टचा. वडील ब्रिटिश सैन्यात इंजिनियर अधिकारी. इजिप्तमध्ये मेम्फिस इथे रामसेस दुसरा या राजाचा प्रचंड पुतळा शतकानुशतकं जमिनीवर आडवा पडून होता, तो उचलण्याचं काम १८८० च्या दशकात वडिलांनी केलं होतं. घरात यंत्रांची आणि इजिप्तची दोन्ही हवा होती असं म्हणायला हरकत नाही. बहीण एनिड पुढे नावाजलेली लेखिका झाली.

१९१५ मध्ये बॅग्नॉल्ड स्वतः सैन्याच्या इंजिनियर दलात दाखल झाले आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या खंदकांत राहिले. युद्ध संपल्यावर केंब्रिजला इंजिनियरिंग शिकले आणि परत सैन्यात आले, आता सिग्नल दलात. म्हणजे वायरलेस आणि संदेशवहन. १९२६ मध्ये त्यांची बदली कैरोला झाली.

कैरोतल्या बाकी अधिकाऱ्यांचा सुट्टीतला कार्यक्रम ठरलेला असायचा: पोलो, क्लब, पार्टी. बॅग्नॉल्ड आणि त्यांचे काही मित्र मात्र पगारातून जुन्या मॉडेल टी फोर्ड विकत घ्यायचे आणि वाळवंटात निघायचे. सरकारी मदत नाही, स्पॉन्सर नाही. आपण मित्र मिळून लडाखला निघतो ना, तसंच. फरक इतकाच, की तिथे रस्ता नव्हता, धाबा नव्हता आणि पंपही नव्हता.

नाईलच्या पश्चिमेला पसरलेलं लिबियाचं वाळवंट जगातल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक आहे. काही ठिकाणी वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही. उंटांचे काफिले जातात ते विहिरीवरून विहिरीवर. जिथे विहिरी एकमेकींपासून फार लांब, तिथे उंटही जात नाही. म्हणून नकाशावर मोठेच्या मोठे भाग कोरे होते. बॅग्नॉल्ड यांचं म्हणणं साधं होतं: गाडीला गवत लागत नाही आणि ती उंटापेक्षा जोरात पळते. मग लागणारं सगळं सोबत न्यायचं आणि कोऱ्या भागात शिरायचं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. वाळवंटात गाडी घालणारे ते पहिले नव्हेत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या लाइट कार पेट्रोल नावाच्या तुकड्यांनी याच भागात मॉडेल टी फिरवल्या होत्या. बॅग्नॉल्ड यांनी काय केलं, तर एकेक अडचण इंजिनियरसारखी समोर मांडली, तिचं कारण शोधलं आणि तिच्यावर स्वस्त, साधा, परत परत चालणारा उपाय बसवला. प्रत्येक वस्तूला ते एकच प्रश्न विचारत: ही ऐन वेळी बंद पडली तर काय?

पहिली अडचण: रेडिएटर पाणी पितो

त्या काळच्या गाड्यांत इंजिन तापलं की रेडिएटरमधलं पाणी उकळायचं आणि वाफ होऊन बाहेर उडून जायचं. गावात हरकत नाही, बादलीभर पाणी ओतलं की झालं. वाळवंटात मात्र गाडीने प्यायलेला प्रत्येक लिटर माणसाच्या तोंडचा असतो.

उपाय ऐकून तुम्हाला हसू येईल. रेडिएटरची वाफ जिथून बाहेर पडते तिथे एक नळी जोडायची आणि तिचं दुसरं टोक बाजूला बसवलेल्या डब्यातल्या पाण्यात बुडवायचं. डबा अर्धा भरलेला. वाफ त्या गार पाण्यात शिरते आणि तिचं परत पाणी होतं. इंजिन थंड झालं की रेडिएटरच्या आत पोकळी तयार होते आणि डब्यातलं पाणी आपोआप मागे ओढलं जातं. थेंबही वाया नाही. ही युक्ती लाइट कार पेट्रोलवाल्यांनीही वापरली होती, बॅग्नॉल्ड यांनी ती आपल्या सगळ्या गाड्यांवर पक्की बसवली.

तुमच्या गाडीचं बॉनेट उघडून बघा. कूलंटची एक अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची टाकी दिसेल. तापलेल्या कूलंटला जागा देणारी आणि थंड झाल्यावर ते परत घेणारी ही टाकी त्याच विचारावर चालते. आणि हो, इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं.

दुसरी अडचण: होकायंत्र खोटं सांगतं

आता माझ्या फोनच्या होकायंत्राकडे येऊ. ते अडकलं होतं, कारण फोन चुंबकाच्या होल्डरवर लावलेला होता. फोनमध्ये मॅग्नेटोमीटर नावाचा छोटा सेन्सर असतो, तो पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजतो. हे क्षेत्र फार क्षीण असतं. शेजारी चुंबक चिकटवलं की सेन्सरला तेच ऐकू येतं. गाडीचं लोखंडही असाच गोंधळ घालतं.

बॅग्नॉल्ड यांना हीच अडचण शंभर वर्षांपूर्वी आली. गाडीच्या आत चुंबकीय होकायंत्र बेभरवशाचं होतं. दर वेळी गाडी थांबवून, उतरून, लांब चालत जाऊन दिशा बघायची, तर दिवसाचा निम्मा वेळ त्यातच जायचा. म्हणून त्यांनी सूर्य-होकायंत्र सुधारून गाडीवर बसवलं.

त्यात चुंबक नसतंच. ड्रायव्हरसमोर एक आडवी गोल तबकडी, मधोमध उभी सुई आणि तबकडीच्या काठाने अंशांच्या खुणा. उन्हात सुईची सावली तबकडीवर पडते. कोणत्या वेळी सूर्य कोणत्या दिशेला असतो याचे तक्ते जवळ ठेवायचे आणि सूर्य सरकेल तशी तबकडी थोडी थोडी फिरवत राहायची. ड्रायव्हरला एवढंच बघायचं असतं, की सावली ठरलेल्या खुणेवर राहते की नाही. गाडी पळत असतानाही दिशा कळते.

यातही एक खोट होती. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि सावली इतकी आखूड होते की वाचता येत नाही. मग काय करायचं? थांबायचं. जेवायचं, गाडीच्या सावलीत पडायचं. उपकरण चालत नाही त्या वेळी त्याच्यावर विसंबायचं नाही, हाही त्यांच्या पद्धतीचा भाग होता.

दिशा कळली, आता अंतर. ते मीटरवरून घ्यायचं. इतक्या अंशांवर इतके मैल, मग वळून इतके मैल, अशी प्रत्येक नोंद वहीत. या सगळ्या नोंदी कागदावर रेषांनी जोडल्या की आपण कुठे आहोत ते निघतं. याला डेड रेकनिंग म्हणतात, जहाजांवर शतकानुशतकं चालत आलेली पद्धत. चुका इथेही होतात. चाक वाळूत नुसतं फिरलं तरी मीटर पुढे सरकतो, टेकड्या टाळताना रेष वाकडी होते. दिवसभरात या चुका साठत जातात.

म्हणून रात्री तिसरी तपासणी. थिओडोलाइट नावाच्या दुर्बिणीसारख्या उपकरणाने ताऱ्यांचे कोन मोजायचे आणि वायरलेसवर येणाऱ्या वेळेच्या संकेताने घड्याळ लावायचं. घड्याळ का? कारण पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. त्या भागात १ अंश म्हणजे पूर्व-पश्चिम सुमारे १०० किलोमीटर. घड्याळ फक्त ४ सेकंद चुकलं, तर नकाशावरची तुमची जागा दीड किलोमीटरहून जास्त सरकते. विहीर किंवा पुरून ठेवलेला पेट्रोलचा साठा शोधताना दीड किलोमीटरला काय किंमत असते, ते सांगायला नको.

गंमत बघा, आपलं जीपीएसही घड्याळावरच चालतं. उपग्रहावरच्या अणुघड्याळाने पाठवलेला संकेत फोनपर्यंत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर काढलं जातं. तिथे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर जागा ३०० मीटरने चुकू शकते.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोन उपग्रहाचा संकेत फक्त ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही. नेटवर्क असेल तर पहिली जागा लवकर सापडते, एवढंच. त्यामुळे वाळवंटातही निळा ठिपका बरोबरच असतो. नसतो तो नकाशा. ठिपका आहे आणि नकाशा नाही, म्हणजे पत्ता माहीत आहे पण गाव माहीत नाही.

तिसरी अडचण: वाळू

इजिप्त आणि लिबियाच्या सीमेवर ग्रेट सँड सी नावाचा वाळूचा समुद्र आहे. शेकडो किलोमीटर लांब पसरलेल्या वाळूच्या रांगा, काही ठिकाणी शंभर मीटरच्या आसपास उंच. चाकं घेऊन तिथे कुणी जाऊ शकत नाही, अशी समजूत होती. मधल्या काळात बॅग्नॉल्ड यांची नेमणूक हिंदुस्थानात वायव्य सरहद्दीकडे झाली होती, पण डोक्यातून वाळू जाईना. सुट्टी काढून ते परत इजिप्तला आले. १९२९ आणि १९३० मध्ये नव्या मॉडेल ए फोर्ड घेऊन त्यांनी या वाळूच्या समुद्रावर चाल केली. १९३० च्या मोहिमेत तो ओलांडून थेट इजिप्त, लिबिया आणि सुदानच्या सीमा मिळतात त्या उवैनात डोंगरापर्यंत पोचले.

हे जमलं कसं? पहिलं म्हणजे टायरची हवा. गाडीचं वजन टायरच्या जमिनीला टेकलेल्या भागावर वाटलं जातं. हवा निम्मी केली, तर तो भाग साधारण दुप्पट होतो, मुख्यतः लांबीत. तेवढंच वजन दुप्पट जागेवर, म्हणून चाक वाळूत रुतत नाही, वरून चालतं. उंटाचा पाय पसरट असतो तो यासाठीच.

दुसरं म्हणजे लोखंडी पट्ट्या. कैरोतल्या एका भंगारवाल्याकडे त्यांना पोलादाचे पन्हाळीसारखे लांब तुकडे मिळाले. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर घालायला ते बनवले होते. गाडी रुतली की चाकापुढची वाळू फावड्याने काढायची, हा तुकडा चाकाखाली सरकवायचा, गाडी त्याच्यावरून पुढे काढायची. मग तुकडे उचलून धावत पुढे. आज ऑफ-रोडवाले गाडीच्या टपावर नारिंगी, हिरव्या रंगाचे प्लॅस्टिकचे रिकव्हरी बोर्ड बांधून फिरतात ना? ते याच भंगाराचे नातू.

तिसरं म्हणजे वेग आणि नजर. भर उन्हात वाळूला सावली नसते, त्यामुळे समोर सपाटी आहे की भिंत तेच कळत नाही. अशाच एका चकाकत्या वाळूच्या भिंतीवर बॅग्नॉल्ड यांनी ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास वेगाने गाडी घातली. सोबतच्यांना वाटलं, आता आदळणार. पण गाडी अलगद वर चढत गेली आणि माथ्यावर जाऊन थांबली. वाळू तिथे घट्ट होती.

तरी ही गोष्ट वाचून कुणी वेगाने टेकडीवर गाडी घालू नका. माथ्यापलीकडे काय आहे ते खालून दिसत नाही. बऱ्याच टेकड्यांना पलीकडे सरळ तुटलेला उतार असतो. त्याच वेगात माथा ओलांडला की गाडी हवेत जाते आणि नाकावर पडते. म्हणून माथ्यापाशी वेग मारायचा, थांबायचं, उतरून चालत जाऊन पलीकडे बघायचं.

वाळू घट्ट कुठे आणि भुसभुशीत कुठे

एकाच टेकडीची एक बाजू घट्ट आणि दुसरी भुसभुशीत, असं का? दुसऱ्या कुणी तो नशिबाचा भाग म्हणून सोडून दिला असता. बॅग्नॉल्ड यांनी १९३५ मध्ये तब्येतीच्या कारणाने सैन्य सोडलं आणि हा प्रश्न हातात घेतला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांनी वाऱ्याचा बोगदा उभा केला, त्यात वाळू पसरली आणि कण कसे हलतात ते मोजत बसले.

त्यांना दिसलं ते असं. वारा वाळूला धुळीसारखी हवेत उंच नेत नाही. कण टुणकन उडी मारतो, थोडा पुढे जाऊन आपटतो आणि आपटताना दुसऱ्या कणांना उडवतो. ही उड्यांची साखळी जमिनीलगत चालते. वारा जिकडून येतो त्या बाजूला हे कण सतत आपटून आपटून वाळू ठोकून बसवतात, म्हणून ती घट्ट. माथ्यापलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला कण नुसते घरंगळत पडतात. तिथे ठोकणारं कुणी नाही, म्हणून ती सैल. तो उतार साधारण ३२ ते ३४ अंशांचा असतो. त्याहून जास्त झाला की वाळूच खाली घसरते.

ड्रायव्हरच्या भाषेत सांगायचं तर वाऱ्याकडची बाजू म्हणजे रस्ता आणि आडोशाची बाजू म्हणजे सापळा. टेकडीवरच्या बारीक लाटा बघून वारा कुठून येतो ते वाचता आलं, तर अर्धं काम झालं. हे सगळं त्यांनी १९४१ मध्ये छापलेल्या पुस्तकात मांडलं आणि १९४४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. सुट्टीत हौस म्हणून फिरणाऱ्या फौजी माणसाला विज्ञानातला हा मान मिळाला!

सहा आठवडे

पुस्तक छापून येईपर्यंत दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. १९३९ मध्ये बॅग्नॉल्ड यांना परत सैन्यात बोलावलं आणि पूर्व आफ्रिकेला जाणाऱ्या जहाजावर बसवलं. भूमध्य समुद्रात त्यांच्या जहाजाची टक्कर झाली. दुरुस्तीसाठी ते इजिप्तला लागलं, बॅग्नॉल्ड जुन्या मित्रांना भेटायला कैरोला गेले आणि तिथेच त्यांना ठेवून घेतलं गेलं.

लिबियात इटलीचं मोठं सैन्य होतं आणि इजिप्तच्या ब्रिटिश सैन्याला दक्षिणेकडच्या वाळवंटात काय चाललंय ते काहीच कळत नव्हतं. बॅग्नॉल्ड यांनी गाड्यांच्या छोट्या तुकड्यांची योजना मांडली. वरिष्ठांनी ती नाकारली. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली, तेव्हा त्यांनी तोच कागद थेट सरसेनापती वेव्हेल यांच्या टेबलापर्यंत पोचवला. वेव्हेल यांनी होकार दिला आणि तयारीला फक्त सहा आठवडे दिले. पुढे जगभर नाव झालेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपची ही सुरुवात.

न्यूझीलंडचे स्वयंसेवक घेतले, शेवरोलेचे छोटे ट्रक घेतले, त्यांची दारं आणि छत काढून टाकलं. मग प्रत्येकावर तेच सगळं: वाफेचा डबा, सूर्य-होकायंत्र, लोखंडी पट्ट्या, फावडी, मोजून पाणी. हौसेच्या सहलींत जमवलेलं ज्ञान आता शेकडो माणसांचा जीव सांभाळत होतं. पुढे याच कामासाठी भारतीय सैनिकांचीही एक तुकडी उभी राहिली, इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन.

एवढी तयारी असूनही वाळवंट माफ करत नाही. जानेवारी १९४१ च्या शेवटी या गटाच्या एका तुकडीवर कुफ्रा मरूद्यानाजवळ हल्ला झाला. ट्रक पेटले, चार जण मागे राहिले. त्यांच्याकडे पाण्याचा एकच डबा, आठ लिटरच्या आतबाहेर. रॉन मूर नावाच्या न्यूझीलंडच्या सैनिकाच्या पायात गोळ्याचा तुकडा घुसलेला होता. शरण जाण्याऐवजी त्यांनी आपल्याच गाड्या ज्या चाकोऱ्यांवरून आल्या होत्या, त्या धरून परत चालायला सुरुवात केली. दहाव्या दिवशी मूर फ्रेंच सैनिकांना चालतानाच सापडले. तोवर ते ३३० किलोमीटरहून जास्त चालले होते. चौघांपैकी एक जण मात्र वाचू शकला नाही.

हे वाचताना मला आमची ती चाकोरी आठवली. एकाच्या दोन झाल्या, तेव्हाच मागे वळायला हवं होतं. आलो तो माग दिसत होता. मूर यांच्याकडे गाडी उरली नव्हती म्हणून ते चालले. आमची गाडी होती, तिची सावली होती. तरी आमच्यातला एक जण पायी मदत शोधायला निघाला होता, आम्ही त्याला कसंबसं अडवलं. नियम एकच आहे: गाडी असेल तर गाडी सोडायची नाही. लांबून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

तिथून मंगळावर

ऑगस्ट १९४१ मध्ये बॅग्नॉल्ड यांनी गटाची सूत्रं आपले जुने सोबती गाय प्रेंडरगास्ट यांच्याकडे दिली. युद्धानंतर ते परत संशोधनाकडे वळले आणि नदीतला गाळ, वाळू पाण्याबरोबर कशी वाहते, यावर म्हातारपणापर्यंत काम करत राहिले.

१९७० च्या दशकात मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी फोटो पाठवले आणि त्यात वाळूच्या टेकड्या दिसल्या. हवा विरळ, गुरुत्वाकर्षण कमी, पण टेकड्यांचे आकार ओळखीचे. त्या समजून घ्यायला शास्त्रज्ञांनी जी समीकरणं काढली, ती लंडनच्या बोगद्यातली होती. १९७७ मध्ये नासाने भरवलेल्या, पृथ्वी आणि मंगळावरच्या वाळवंटांच्या परिषदेत ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या नव्हे, ऐंशी ओलांडलेल्या बॅग्नॉल्ड यांचं भाषण झालं.

१९९० मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी ते गेले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी नासाची क्युरिऑसिटी रोव्हर मंगळावरच्या गेल विवरात वाळूच्या टेकड्यांजवळ पोचली. त्या टेकड्यांचं नाव बॅग्नॉल्ड ड्यून्स. तिथेही रोव्हर चालवणाऱ्यांना काळजी तीच: चाक रुतायला नको. तिथे पिकअपवाले काका येणार नाहीत.

आता आपलं काय

मी आता कुठेही आडवाटेला निघताना बॅग्नॉल्ड यांचा तोच प्रश्न विचारतो: हे बंद पडलं तर? माझी यादी अशी झाली आहे.

नेटवर्क गेलं तर: निघण्याआधी वायफायवर पूर्ण भागाचा ऑफलाइन नकाशा डाउनलोड करायचा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकून तो खरंच उघडतो का ते बघायचं. मार्ग रेकॉर्ड करणारं ॲप चालू ठेवायचं, म्हणजे आलो त्याच मागावरून परत जाता येतं.

फोन गेला तर: उन्हात डॅशबोर्डवर तापलेला फोन आधी स्क्रीन मंद करतो आणि मग बंदच पडतो. एक जास्तीचा फोन बंद करून सावलीत ठेवायचा. पॉवर बँक भरलेली. कागदी नकाशा आणि साधं होकायंत्र पिशवीत. होकायंत्र बघताना गाडीपासून लांब जायचं आणि फोन चुंबकाच्या होल्डरवरून काढायचा.

गाडी रुतली तर: ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, चाक जितकं फिरेल तितका खड्डा. उतरायचं, वाळू काढायची, टायरची हवा साधारण निम्म्यावर आणायची. हवा फार कमी असताना जोरात वळण घेतलं, तर टायर रिमवरून निसटतो. डांबरी रस्त्यावर आलात की हवा परत भरायची, नाहीतर वेगात टायर तापून फुटतो. म्हणजे प्रेशर गेज आणि छोटा पंप जवळ हवाच. फावडंही.

गाडी कायमची बंद पडली तर: एकटी गाडी न्यायचीच नाही. बॅग्नॉल्ड यांच्या मोहिमांत एकाहून जास्त गाड्या असायच्या, एक गेली तर माणसं दुसरीत. पाणी माणशी रोज चार-पाच लिटर धरायचं आणि त्यावर एक-दोन दिवसांचं जास्तीचं. तेही एकाच कॅनमध्ये नाही.

हाक मारता आली नाही तर: कुठल्याही कंपनीचा टॉवर टप्प्यात असेल तर ११२ लागू शकतो, पण टॉवरच नसेल तर तोही नाही. सॅटेलाइट फोन किंवा तसा कम्युनिकेटर भारतात परवानगीशिवाय वापरणं बेकायदा आहे, परदेशातून आणू नका. थारमध्ये सीमेजवळच्या भागात परवानगीशिवाय जाताही येत नाही. उरतो तो सगळ्यांत जुना उपाय. घरी कुणाला तरी मार्ग आणि परतायची वेळ सांगून जायचं, आणि त्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं तेही.

यातलं काहीच महाग नाही. बॅग्नॉल्ड यांच्या वस्तूही महाग नव्हत्या: एक डबा, एक नळी, एक सुई आणि भंगारातलं लोखंड. आमच्याकडे त्या दिवशी चार महागडे स्मार्टफोन होते आणि त्यातल्या एकातही नकाशा नव्हता. पुढच्या जानेवारीत आम्ही परत जैसलमेरला जाणार आहोत. या वेळी दोन गाड्या आहेत. ऑफलाइन नकाशा मी आजच डाउनलोड करून ठेवलाय.